न मोजलेला वेग

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी घरात बोलण्यापुरतं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. मराठी विभागासाठी लेख दे म्हणून मंडळी मागे लागली तेव्हा पहिला पाऊस, मैत्री, मेसची आमटी असे नेहमीचे विषय डोक्यात येऊन गेले. पण एक गोष्ट बरेच दिवस मनात अडकून बसली आहे. ती एकदाची कागदावर उतरवावी असं वाटलं. गोष्ट एका आकड्याची आहे. शहाऐंशी. आणि हो, ऑफिसात हा आकडा पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा शहाऐंशी म्हणजे सेव्हंटी सिक्स की एटी सिक्स, हे मला मनातल्या मनात मोजावं लागलं होतं. हसू नका, आमच्या शाळेतल्या निम्म्या जणांचं हेच होतं.

फेब्रुवारी २०२५. आम्ही तेव्हा एसईला होतो. साताऱ्याजवळच्या एका कंपनीत इंडस्ट्रियल व्हिजिट होती. कॉलेजची बस, मागच्या बाकावर अंताक्षरी, कंपनीत दोन तास मशिन बघितल्यासारखं करणं आणि येताना उसाचा रस. व्हिजिट कशी असते ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. बसमध्ये एक छोटा जीपीएस लॉगर बसवलेला होता. दर ५ सेकंदांनी गाडी कुठे आहे याची तो नोंद करायचा. मला मिनी प्रोजेक्टला विषय हवा होता. सरांनी त्या दिवसाची फाइल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "यातून काहीतरी काढून दाखव."

फाइल उघडली. प्रत्येक ओळीत अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ. एवढंच. ज्याची मला गरज होती तो वेग कुठेच नव्हता!

असं का, हे शोधताना पहिली गंमत कळली. अशा नोंदी बहुतेक वेळा जीपीएक्स नावाच्या फाइलमध्ये ठेवतात. २००२ साली या फाइलची पहिली आवृत्ती आली, तिच्यात प्रत्येक बिंदूसोबत वेग लिहायला जागा होती. २००४ साली १.१ ही आवृत्ती आली आणि ती जागा गेली. वेग लिहायचाच असेल तर जादा माहितीच्या कप्प्यात लिहा, असं ठरलं. अनेक उपकरणं आणि अॅप तो कप्पा भरतच नाहीत. म्हणजे रिसीव्हरला वेग माहीत असतो, पण फाइलमध्ये येताना तो गळून पडतो.

रिसीव्हरला वेग माहीत कसा असतो? मला वाटायचं, दोन जागांमधलं अंतर भागिले वेळ. तसं नसतं. रेल्वे फाटकाशी उभं राहिलं की गाडी पुढे निघून जाताना शिट्टीचा सूर उतरतो ना, तोच डॉप्लर परिणाम. उपग्रहाचा सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो. तुम्ही आणि उपग्रह एकमेकांच्या संदर्भात कसे हलताय त्याप्रमाणे ही वारंवारता किंचित बदललेली दिसते. उपग्रहाचा स्वतःचा वेग, सेकंदाला जवळजवळ ३.९ किलोमीटर, आधीच माहीत असतो. तो वजा केला की उरतो तो तुमचा. बहुतेक चांगले रिसीव्हर वेग असा मोजतात आणि मोकळ्या आकाशाखाली हा वेग सहसा ताशी एक किलोमीटरच्या आत बरोबर येतो. हा मोजलेला वेग. माझ्याकडे तो नव्हता.

मग काय, काढला! एका रात्रीत तीस ओळींचा प्रोग्राम लिहिला. लागोपाठच्या दोन बिंदूंमधलं अंतर हॅवरसाइनच्या सूत्राने, पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरून. भागिले ५ सेकंद, गुणिले ३.६. झाला ताशी वेग. रिकामा रकाना शेवटच्या ओळीपर्यंत भरून गेला. मस्त निळा आलेख आला. सरांना आवडला. मी त्यावर सर्वांत जास्त वेगाचा बिंदू लाल रंगाने दाखवला होता, कारण लाल ठिपक्याशिवाय प्रेझेंटेशन उठून दिसत नाही. लाल ठिपका होता ८६ वर. जागा: खंबाटकीचा बोगदा संपल्या संपल्या.

सरांनी सहज म्हणून तो आलेख ट्रान्सपोर्ट बघणाऱ्या ऑफिसात दाखवला. पुढचं मला दोन दिवसांनी कळलं.

आपल्या बसला वेग-मर्यादक बसवलेला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम ११८ प्रमाणे तो ८० वर लावलेला असतो. गाडी ८६ ने गेली म्हणजे मर्यादकाशी छेडछाड झाली, असा सरळ अर्थ ऑफिसने काढला. आणि जागा कोणती, तर साताऱ्याहून पुण्याकडे येताना बोगद्यानंतरचा उतार आणि ते एस वळण. अपघातांसाठी ती जागा किती बदनाम आहे हे त्या रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही विचारा. ड्रायव्हर काकांना बोलावून घेतलं, लेखी खुलासा मागितला आणि तोवर गाडीवर जायचं नाही असं सांगितलं.

मला खरं-खोटं करायला बोलावलं तेव्हा काका तिथेच उभे होते. टोपी हातात. ते फार काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, त्या वळणावर मी शहाऐंशीने गाडी घातली असती, तर आज चौकशी करायला तुमच्यातलं कोणी उरलं नसतं."

मी गप्प बसले. आकडा मोजण्यात माझे दोन सेकंद गेले, आणि मग जे आठवलं त्याने पोटात गोळा आला. मी स्वतः त्या बसमध्ये होते! तिसऱ्या सीटवर, खिडकीशी. बोगद्यातून बाहेर आलो तेव्हा मी संत्रं सोलत होते. एकेक फोड काढून मैत्रिणीला देत होते. बस ८६ ने त्या वळणात शिरली असती तर संत्रं कोणाच्या तरी डोक्यावर असतं आणि मी गिअरच्या दांड्यावर. आम्ही ४८ जण गाडीत होतो. एकालाही कोणी विचारलं नाही. आणि मीही मला विचारलं नाही, कारण आकडा कॉम्प्युटरने दिला होता. कॉम्प्युटरला तो मी दिला होता हे मी विसरूनच गेले होते.

त्या रात्री हॉस्टेलवर पुन्हा फाइल उघडली आणि या वेळी आलेख न बघता एकेक ओळ वाचली.

बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत, म्हणून तिथे ८५ सेकंद एकही नोंद नव्हती. माझ्या प्रोग्रामने बोगद्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा बिंदू जोडून सरासरी ४२ काढली होती. त्यानंतरच्या ५ सेकंदांत ८६. त्यापुढच्या ५ सेकंदांत पुन्हा ४२. मग मी मधला बिंदू झाकला आणि बोगद्याआधीपासून उडी संपेपर्यंतचे ९० सेकंद एकत्र धरले. सरासरी आली ४४! म्हणजे गाडी शांतपणे ४४ च्या आसपास चालली होती. बोगद्यातून बाहेर आल्यावर रिसीव्हरने जी पहिली जागा सांगितली ती साधारण ६० मीटर मागची होती. पुढच्या नोंदीला त्याने स्वतःला सुधारलं. मागे राहिलेले ६० मीटर एका उडीत वसूल झाले आणि ती वसुली काकांच्या नावावर चढली.

दुसरी तपासणी अजून सोपी, आणि ती मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. ४३ वरून ८६ वर ५ सेकंदांत जायचं म्हणजे त्वरण सेकंदाला सेकंदाला २.४ मीटर. जागच्या जागेवरून निघताना, पूर्ण जोर लावूनही, भरलेल्या डिझेल बसला साधारण १ च्या आसपास जमतं. आणि इथे ती आधीच पळत होती. पुन्हा लगेच पुढच्या ५ सेकंदांत तेवढाच वेग गमवायचा, आणि संत्र्याची फोड हातातून पडू द्यायची नाही. फिजिक्सच्या पहिल्या धड्यातली गोष्ट आहे ही.

तिसरा पुरावा रूममेटच्या फोनमध्ये मिळाला. तिने त्या दिवशी एका अॅपवर प्रवास रेकॉर्ड केला होता आणि त्या अॅपने डॉप्लरचा वेग वेगळा जपला होता. बोगद्याबाहेरचे आकडे ४२ ते ४४.

दुसऱ्या दिवशी हे सगळं छापून ऑफिसात दिलं. काका पुन्हा गाडीवर गेले. विषय मिटला. पण माझ्या डोक्यातला मिटला नाही, आणि हा लेख त्यासाठीच आहे.

एक गोष्ट बघा. माझ्या प्रोग्रामने ३६० दाखवला असता तर सगळे खो खो हसले असते. बस आहे की विमान, म्हणून आलेख केराच्या टोपलीत गेला असता. ८६ दाखवला म्हणून कोणी हसलं नाही. पटण्यासारखी चूक ही न पटणाऱ्या चुकीपेक्षा जास्त घातक असते. तिला कोणी अडवत नाही. ती सरळ आत येऊन खुर्चीवर बसते.

आणि अशा चुका या पद्धतीत कशा शिरतात याचं गणित अगदी साधं आहे. अमेरिकन सरकारच्या जीपीएसविषयक माहितीनुसार मोकळ्या आकाशाखाली स्मार्टफोनने सांगितलेली जागा साधारण ४.९ मीटरच्या आत असते. ५ धरू. एक बिंदू ५ मीटर मागे आणि पुढचा ५ मीटर पुढे पडला, तर अंतरात १० मीटरची चूक. नोंदी १ सेकंदाच्या असतील तर वेगात ताशी ३६ किलोमीटरची चूक. ५ सेकंदांच्या असतील तर ७.२. एक मिनिटाच्या असतील तर फक्त ०.६. शेजारशेजारचे बिंदू बहुधा एकाच दिशेला चुकतात, म्हणून रोज इतकं बिघडत नाही. बिघडतं ते आकाश अचानक बदलतं तेव्हा: बोगद्याचं तोंड, घाटातला कडा, उंच इमारतींमधली गल्ली. शिवाय फाइल छोटी व्हावी म्हणून कोणी अक्षांश चारच दशांश स्थळांपर्यंत ठेवले, तर एक पायरी ११ मीटरची होते. मग सेकंदाच्या नोंदींत उत्तरेकडे जाणारी गाडी एकतर शून्याने जाते नाहीतर ४० ने. मधलं काही नाहीच!

उलट दिशेची चूकही आहे. घाटातल्या वळणावर दोन बिंदू सरळ रेषेने जोडले की वळण कापलं जातं, अंतर कमी भरतं आणि वेग खरा असेल त्यापेक्षा कमी दिसतो. आणि एका जागी बसलेल्या माणसाचा बिंदू मात्र इकडेतिकडे डुलत राहतो. आमच्या राजगडच्या ट्रेकचा ट्रॅक बघितला तर सगळे पोहे खात बसलेलो असताना आम्ही ताशी दोन-तीन किलोमीटरने चालत होतो असं दिसतं. २०१६ साली पीटर रानाखर आणि सहकाऱ्यांनी तर यावर एक शोधनिबंधच लिहिला, की जीपीएसमधली चूक अंतराला सरासरीने मोठंच का करते. पोहे खाताना आम्हाला हे माहीत नव्हतं.

आता माझं मत. काही मित्र म्हणतात, मग वेग काढूच नका, रकाना रिकामा ठेवा. मला हे पटत नाही. काढलेल्या वेगालाही किंमत आहे, आणि ती आपण एम-१ मध्ये शिकलो आहोत. लग्रांजचा मीन व्हॅल्यू थिअरम आठवतोय? परीक्षेत पाठ करून लिहिला होता तोच. दोन क्षणांमधला सरासरी वेग जेवढा येतो, तेवढा वेग मधल्या कुठल्यातरी क्षणी गाडीने खरोखर गाठलेला असतो. आणि रस्ता सरळ रेषेपेक्षा लहान असू शकत नाही, म्हणून खरा वेग किमान तेवढा होता असंही म्हणता येतं. अट एकच: दोन्ही बिंदू बरोबर हवेत. माझ्या बाबतीत थिअरम बरोबर होता, बिंदू चुकला होता.

म्हणून कोणी विचारेल, की मग खरोखर बेफाम चालवणाऱ्या ड्रायव्हरला यातून पळवाट मिळणार का? अजिबात नाही. सरळ हायवेवर १० मिनिटांची सरासरी ९५ आली, तर १० मीटरच्या चुकीने त्यात ताशी ०.०६ चा फरक पडतो. तिथे मर्यादक काढलेला आहे असं मी छातीठोकपणे सांगेन. लांबचा पल्ला बोलतो तेव्हा ऐकावं. एका सुट्या ५ सेकंदांवर मात्र कोणाची भाकरी ठरवू नये. चूक बिंदूची असो की माणसाची, ती किती मोठी असू शकते हे आधी मोजावं आणि मग बोट दाखवावं.

हा प्रश्न काही फक्त आपल्या एका बसचा नाही. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना जागा कळवणारं उपकरण बसवण्याचा नियम आला. घरपोच पार्सल आणणाऱ्या मुलाच्या खिशातला फोनही त्याचा माग ठेवत असतो. असे हजारो ट्रॅक कुठल्यातरी ऑफिसात उघडले जातात आणि त्यातले रिकामे रकाने भरणारा प्रोग्राम आपल्यासारख्याच कोणीतरी एका रात्रीत लिहिलेला असतो. उद्या तो तुम्ही लिहाल.

खरं सांगू का, माझी चूक सूत्रात नव्हती. चूक सवयीत होती. आपल्या सगळ्या जर्नलमध्ये दोन तक्ते असतात: एक ऑब्झर्व्हेशन टेबल, एक कॅल्क्युलेशन. दोन वेगळे का असतात याचा आपण कधी विचार केलाय? आपण काय करतो, सीनियरच्या जर्नलमधून उत्तर बघतो आणि उलट जाऊन रीडिंग जुळवतो. सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर हेच चालतं. मीही केलंय. ओहमचा नियम माझ्या जर्नलमध्ये ओहमपेक्षाही चांगला सिद्ध झालाय. दोन वर्षं असं केल्यावर मोजलेलं आणि काढलेलं यातला फरक नजरेला दिसेनासा होतो. म्हणून फाइलमध्ये रिकामा रकाना दिसल्यावर माझा हात क्षणभरही थांबला नाही. मी कॅल्क्युलेशन उचललं आणि ऑब्झर्व्हेशनच्या तक्त्यात लिहून मोकळी झाले. फरक इतकाच की जर्नलमधल्या खोट्या रीडिंगने रेझिस्टरला काही होत नाही. इथे दुसऱ्या टोकाला टोपी हातात धरून एक माणूस उभा होता.

आता माझा प्रोग्राम बदललाय. तीस ओळींचे सत्तर झालेत. मोजलेला वेग एका रकान्यात आणि काढलेला दुसऱ्या. काढलेल्याशेजारी तो किती सेकंदांवरून काढला आणि किती चुकू शकतो हेही लिहिलं जातं. बसला न झेपणारं त्वरण आलं तर तो बिंदू बाजूला पडतो. आलेखात काढलेला वेग तुटक रेषेने येतो आणि बोगद्यात सरळ लिहून येतं: नोंद नाही. लाल ठिपका काढून टाकला. आलेख पहिल्याइतका देखणा राहिला नाही. एक्स्टर्नलने विचारलं, एवढ्या मोकळ्या जागा का? मी म्हटलं, सर, तिथे मला माहीत नाही. मार्क बरे मिळाले.

काकांची माफी मागायला मी पार्किंगमध्ये गेले होते. ते बसची काच पुसत होते. म्हणाले, "जाऊ द्या ताई, तुम्ही काय मुद्दाम केलं नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "पण पुढच्या टायमाला माझं काही काढलंत, तर आधी मला विचारा. मी गाडीतच असतो."

असो. लेख लांबला, आणि उद्या माझं सबमिशन आहे. ऑब्झर्व्हेशन टेबलमधली दोन रीडिंग राहिलीत. शेजारच्या खोलीतली जर्नल द्यायला तयार आहे. पण सकाळी लवकर उठून लॅबमध्येच जाईन म्हणते.